जोतिबाच्या चढाला पिकअप तापते, काय करू?

पत्र:

नमस्कार काका,
मी उचगावचा. लग्नं, यात्रा, सभा यांना जनरेटर भाड्याने देतो. जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर बसवलाय, पिकअपच्या मागे हुकाला लावून नेतो. ट्रॉलीसकट वजन दीड टनाच्या आसपास असेल. गाडी डिझेल, सात वर्षांची. सपाटीला सांगली, इचलकरंजी कुठंही न्या, तापमानाचा काटा मध्यावर. पण केर्लीला वळून जोतिबाचा चढ लागला की निम्म्या वाटेत काटा पाऊण भागाच्या वर जातो. थांबलो की पाच-सात मिनिटांत खाली येतो. गेल्या वर्षी मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाले आपल्याकडच्या उन्हात त्याचं कामच नाही. पाणी थोडं कमी होतं, घरच्या बोअरचं घालतो. बाकी इंजिन चांगलंय, उलट पूर्वीपेक्षा आवाज कमी झालाय. मिस्त्री म्हणतात मोठा रेडिएटर टाक. ड्रायव्हर म्हणतो काही होत नाही, मध्ये थांबून पाणी घालायचं आणि जायचं. मेव्हणे म्हणतात विकून मोठी गाडी घे. चैत्र यात्रेचं काम घेतलंय आणि मे महिन्यात वैभववाडी-कणकवलीकडं लग्नाच्या ऑर्डरी आहेत. येताना करूळ घाट चढायचा आहे. गाडी टिकेल का?

उत्तर:

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस. गाडीचा आवाज पूर्वीपेक्षा कमी झालाय, याचा तुला आनंद वाटला. मला मात्र तिथंच शंका आली. डिझेल पिकअपचं इंजिन तापायला लागलं की रेडिएटरमागचा पंखा घोंघावू लागतो. चढाला तर तो केबिनमध्ये बसून ऐकू येतो. तो आवाज बंद झाला असेल आणि त्याच सुमारास काटा चढायला लागला असेल, तर पहिला संशय पंख्याच्या क्लचवर. मोठा रेडिएटर आणि नवी गाडी यांचा विचार त्यानंतर.

बऱ्याच पिकअपमध्ये हा पंखा इंजिनला थेट जोडलेला नसतो. मध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्याच्या तोंडावर दोन धातूंची पत्ती असते आणि पोटात सिलिकॉनचं दाट तेल. रेडिएटरमधून गरम हवा आली की पत्ती वळते, आतली झडप उघडते, तेल पकड घेतं आणि पंखा जोरात फिरू लागतो. हे तेल झिरपून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. सपाटीला साठच्या वेगात समोरून वारा लागत असल्यामुळे ही उणीव कळत नाही. चढाला वीस-पंचवीसच्या वेगात वारा कुठला? तिथं सगळा भार पंख्यावर. म्हणून सांगलीला काटा मध्यावर आणि जोतिबाला पाऊण, हे अगदी जुळतं.

तपासायला सोपं आहे. सकाळी गार इंजिन, किल्ली काढून खिशात, मग पंखा हाताने फिरव. थोडा जड लागला पाहिजे आणि सोडला की लगेच थांबला पाहिजे. मोकळा गरागरा फिरत राहिला तर क्लच गेला. क्लचच्या तोंडाशी चिकट तेलाचे, धूळ बसलेले ओघळ दिसले तर खात्रीच झाली. तुझ्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा असेल तर इंजिन चांगलं तापल्यावर तो सुरू होतो का आणि पूर्ण वेगात फिरतो का, एवढं इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं जागेवर आहे ना, तेही बघ. दुरुस्तीत ते काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो.

चढाला नेमकं काय होतं ते इस्कटून सांगतो, म्हणजे मिस्त्रींशी बोलताना उपयोगी पडेल. गाडी, सामान, माणसं आणि ट्रॉली मिळून चार टन धरू. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर एवढं ओझं ताशी ४० किलोमीटरने नुसतं वर उचलायलाच साधारण ३५ एचपी लागतात. टायरचा आणि वाऱ्याचा विरोध वेगळा. सपाटीला साठने जाताना एकूण जेवढी ताकद लागते, तिच्या दुपटीहून हे सगळं मिळून जास्त होतं. डिझेल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यात उतरतो. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतं, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. तोच चढ २५ च्या वेगाने चढलास तर ३५ चे २२ एचपी होतात. वर पोचायला काही मिनिटं जास्त लागतील, पण रेडिएटरला दर मिनिटाला किती उष्णता झेलावी लागते यावर काटा ठरतो.

हळू जायचं म्हणजे तिसऱ्या गिअरला इंजिन दाबत जायचं असं मात्र नाही. पाण्याचा पंप आणि क्लचवाला पंखा दोन्ही इंजिनच्या जोरावर फिरतात. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, पडले की पाणीही हळू फिरतं आणि हवाही. चढ लागायच्या आधीच दुसरा टाक, दोन-अडीच हजार आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर निम्माच दाबून, एकसारखी गाडी चालव. इंजिन ओरडतंय म्हणून ड्रायव्हर घाईने तिसरा टाकतो, तिथंच काटा चढायला लागतो. यात्रेच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवयही मोड. हँडब्रेक ओढ, पुढची गाडी दहा-पंधरा मीटर सरकू दे, मग निघ.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारी झडप. मिस्त्रींबद्दल आदर ठेवून सांगतो, तो काढायला नको होता. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि इंजिन पुरतं तापल्यावर पूर्ण उघडा असतो. म्हणजे चढाला तो आडवा येतच नाही. तो काढल्यावर सपाटीला इंजिन गरजेपेक्षा गार चालतं, डिझेल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात. बऱ्याच इंजिनांत त्याला खाली दुसरी चकती असते. इंजिन तापल्यावर ती बायपासचं भोक बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे पाठवते. थर्मोस्टॅटच काढला की ते भोक कायम उघडं. मग काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतं, तेही तुला सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी. कंपनीने दिलेल्या अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट आण. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळून त्यात बुडव आणि उघडतो का बघ.

पाणी कमी होतं, हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस. या गोष्टीने मला पंख्याएवढंच अस्वस्थ केलं. बंद कूलिंगमधलं पाणी वरचेवर कमी व्हायला नको. एक तर कुठून तरी झिरपतंय, नाही तर कॅप दाब धरत नाही, नाही तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. कॅप बघणं सगळ्यात स्वस्त. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. जोतिबाच्या डोंगरावर त्याहीपेक्षा लवकर. रेडिएटरची कॅप साधारण एक बारचा दाब धरते, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की ही सगळी सवलत गेली. मग पाणी उकळून रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत आणि तिथून रस्त्यावर. कॅपवर दाबाचा आकडा छापलेला असतो, नेमका तोच आकडा असलेली नवी घे. जास्त आकड्याची लावली म्हणजे जास्त गार होतं असं नाही, जुने होज मात्र फाटतील.

बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या आत थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. गॅरेजमध्ये दाबाचा हातपंप लावून गळती शोधून घे, सिस्टीम फ्लश कर, मग निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नुसतं कूलंट ओतू नको, कारण उष्णता वाहून न्यायचं काम पाणीच चांगलं करतं. कूलंट गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं. दोन वेगळ्या जातींचं कूलंटही एकत्र करू नको.

रेडिएटर बाहेरून बघितलास का कधी? ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर उडणारं पाचट, धूळ, किडे, आणि जोतिबाला जाणाऱ्या गाडीला तर गुलाल. यात्रेत उधळलेला बारीक गुलाल एसीच्या जाळीत आणि रेडिएटरमध्ये जाऊन बसतो, त्यावर पाणी पडलं की घट्ट होतो. पुढून बघून कळत नाही, दोन्ही जाळ्यांच्या मधल्या फटीत बॅटरी मार. धुताना पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, साध्या पाइपने धू. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारलास तर पाती मुडपतात आणि होती तीही वाट बंद होते. बंपरपुढचे जादा दिवे आणि यात्रेचा फलकसुद्धा जाळीसमोरून हलव.

आतून नळ्या तुंबल्यात का हे तापलेल्या गाडीवर तापमान मोजायच्या गनने कळतं. रेडिएटरवर आडवी-उभी फिरवायची, मध्येच गार पट्टा लागला तर तिथं पाणी फिरत नाही. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर रॉडिंग, म्हणजे टाकी उघडून नळ्यांत सळी घालून सफाई, करून मिळेल, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम जाणणारे कारागीर आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी न लागता बदल. मोठ्या रेडिएटरबद्दल माझं मत असं की पंखा, कॅप, थर्मोस्टॅट आणि जाळी ठीक केल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत. मूळ दोष तसाच राहील आणि वर्षभराने मोठा रेडिएटरही अपुरा पडेल. खालचा होज मात्र आत्ताच दाबून बघ. तो पंपाकडे ओढणारा होज आहे, लिबलिबीत झाला असेल तर जास्त आरपीएमला आत चिकटतो आणि पाणी अडतं.

हेड गॅस्केटची शंका मला कमी वाटते, कारण थांबल्यावर तुझा काटा सरळ खाली येतो. तरी खात्री कर. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज टणक होतो का, बाटलीत सारखे बुडबुडे येतात का, ऑइल दुधाळ दिसतं का, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहतो का. यातलं एक जरी दिसलं तर यात्रा असो की लग्न, त्या गाडीला ट्रॉली लावायची नाही. वेळेत उघडलं तर हेडचं फेसिंग करून, म्हणजे त्याची बैठक घासून सपाट करून, नवं गॅस्केट टाकून निभतं, तशीच पळवली तर हेडला तडा जातो.

दीड टन हा तुझा अंदाज आहे. ट्रॉली वजनकाट्यावर घाल, आपल्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही. एकदा ट्रॉली एकटी आणि एकदा सगळी जोडणी माणसांसकट. मग गाडीचं पुस्तक उघडून ओढण्याचं वजन दिलंय का बघ. दिलेलंच नसेल तर कंपनीने ही गाडी ट्रॉली ओढण्यासाठी धरलेली नाही, असं समजून चाल. तांब्याच्या केबली किती जड असतात हे तुला सांगायला नको, त्या दुसऱ्या गाडीत टाक. जनरेटरची टाकी घरून भरून नेऊ नको, शंभर लिटर डिझेल म्हणजे ८०-८५ किलो. हौद्यात बसवतोस ती मंडपाची पोरं उतरव. ते वजनासाठी तर आहेच, पण हौद्यात माणसं बसवणं मुळात धोक्याचं आणि बेकायदा आहे. ट्रॉलीची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरव, एखादं बेअरिंग अडत असेल तर तू चढाबरोबर तेही ओढतोयस.

वेळही महत्त्वाची. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. इंजिनचं पाणी ९५ अंशांवर असताना दुपारी बाहेर ३८ अंश असतील तर फरक ५७ चा, पहाटे २२ असतील तर ७३ चा. तोच रेडिएटर पहाटे सव्वापट काम करतो. यात्रेचं सामान वर न्यायचं तर उजाडायच्या आत चढ संपव.

आणि तरीही काटा चढला तर? आधी एसी बंद. गाडीत हीटर असेल तर पूर्ण गरम करून जोरात सोड, काचा उघड. घामाघूम व्हाल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. वेग कमी कर आणि जागा मिळाली की बाजूला घे. वाफ दिसत नसेल आणि काटा लालच्या अलीकडे असेल तर इंजिन लगेच बंद करू नको, हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेव, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतील. वाफ येत असेल, काटा लालमध्ये असेल किंवा खाली पाणी सांडत असेल तर मात्र तात्काळ बंद. आणखी एक धोका ध्यानात ठेव: पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा उलट खाली येऊ शकतो. चढावर काटा एकाएकी पडला तर सुटलो म्हणू नको, थांबून बघ.

ड्रायव्हरला माझा स्पष्ट निरोप दे. तापलेल्या गाडीची कॅप कापड धरूनसुद्धा उघडायची नाही. दाबाखाली शंभरच्या वर गेलेलं पाणी कॅप सैल होताच उसळून वाफ होतं आणि थेट तोंडावर, छातीवर येतं. त्या भाजण्यातून माणूस महिनोन्‌महिने उठत नाही. रेडिएटरच्या जाळीवर बाहेरून पाणी शिंपडलं तर तात्पुरता फायदा होतो, तेवढं करू दे. पण तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. निदान अर्धा तास थांबायचं, वरचा होज हाताने सहज दाबता आला की मगच कॅपला हात लावायचा. थांबताना चाकांना आणलेले लाकडी ठोकळे लाव, ट्रॉलीलाही. दगड लावलेच तर निघताना उचलून कडेला टाक, अंधारात येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यावर जातो.

तू विचारलं नाहीस, पण कोकणच्या ऑर्डरीत मला येतानाच्या चढापेक्षा जातानाच्या उताराची काळजी जास्त वाटते. करूळ उतरताना दीड टनाची ट्रॉली मागून गाडीला ढकलत असते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळं वजन पिकअपच्या ब्रेकवर येतं, आणि ते तापले की पायाखाली काहीच लागत नाही. ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतरायचं, घाट लागण्याआधी गिअर टाकायचा, मध्ये न्यूट्रल कधीच नाही. हुकाला जोडीने सुरक्षेची साखळी, ट्रॉलीचे मागचे दिवे चालू, आणि कागद बरोबर, कारण मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच धरला जातो. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर ती करूळला न्यायची नाही, एवढं माझं ऐक.

मेव्हण्यांचा सल्ला मी फेटाळत नाही, पण आत्ता विकायची गरज दिसत नाही. आधी पंख्याचा क्लच, कॅप, थर्मोस्टॅट, फ्लश आणि धुणं एवढं करून घे. मग एखाद्या सकाळी रिकामी गाडी जोतिबाला चढव, दुसऱ्या दिवशी ट्रॉली लावून. काटा थोडा वर जाऊन एका जागी थांबला तर गाडी ठीक आहे, यात्रेचं काम बिनधास्त कर. सगळं नवं घालूनही काटा चढतच राहिला तर ओझं या गाडीच्या आवाक्याबाहेर आहे, आणि तेव्हा मेव्हण्यांशी बोलायला बस. मे महिन्याची पहिली ऑर्डर मात्र तू या गाडीवर अवलंबून घेऊ नको. कणकवलीच्या मंडपात ऐन मुहूर्तावर अंधार झाला तर तुझं नाव त्या भागातून उठेल. जनरेटर वर चढवून नेणारा टेम्पो आत्ताच ठरव आणि त्याचं भाडं ऑर्डरच्या पैशात धर.